शांततेची शिष्टाई

अण्वस्त्रांच्या चाचण्या हा विषय गेली कित्येक वर्षे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरून जवळजवळ नाहीसा झाला होता. तो आता परत आला आहे. सर्वंकष चाचणीबंदी करारास दिलेली आपली मान्यता रशियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी, इतर राष्ट्रांच्या बरोबरीने आपल्याही अण्वस्त्रांच्या चाचण्या सुरू करण्याचा आदेश दिल्याचे जाहीर केले. या चाचण्या म्हणजे प्रत्यक्ष अणुस्फोट नव्हेत, असा खुलासा त्यांच्याच ऊर्जामंत्र्यांनी काही दिवसांत केला. तथापि त्यानंतरही मॉस्कोत पुतिन यांनी चाचण्यांच्या संभाव्य तयारीविषयी आपल्या अधिकाऱ्यांकडून प्रस्ताव मागविलेच. अमेरिका व रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा २०१० चा करार हा या क्षेत्रातील अखेरचा मोठा बंधारा. त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. एकविसाव्या शतकात आजवर उत्तर कोरियाखेरीज कोणत्याही राष्ट्राने अणुस्फोट केल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि त्याही देशाने २०१७ नंतर तो केलेला नाही. हा संयम आता मोडतो की काय, अशी शंका घेण्यासारखी स्थिती उत्पन्न झाली आहे.

अशा बातम्या वाचून सुशिक्षित नागरिक काय करतो? तो चिंता व्यक्त करतो, दिवाणखान्यात चार मित्रांशी वाद घालतो, आणि ‘हे थोरामोठ्यांचे खेळ, यात आपण काय करणार?’ असे म्हणून वृत्तपत्र घडी करून ठेवतो. या उद्गारात नम्रता असते, तशी जबाबदारी झटकण्याची सोयही असते. आपण निवडून दिलेला प्रतिनिधी नावाची एक व्यक्ती अस्तित्वात आहे, तिला भेटता येते, तिच्यापुढे शांततेची बाजू मांडता येते आणि तिच्याकडून उत्तर मागता येते, हे या उद्गारात सोयीस्करपणे विसरले जाते. या विस्मरणाचाच आज आम्ही विचार करणार आहोत.

शिष्टमंडळे, निवेदने, भेटीगाठी यांविषयी महाराष्ट्रात एक प्रकारची तुच्छतेची भावना आहे, आणि तिला इतिहास आहे. जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी १८५२ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला. १८७० मध्ये निघालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने निवेदनांचे शास्त्रच तयार केले. गोपाळ कृष्ण गोखले पुनःपुन्हा विलायतेस जाऊन तेथील मंत्र्यांस व पार्लमेंटच्या सभासदांस भेटत राहिले. पुढच्या पिढीने या मार्गाची ‘भिक्षांदेही’ म्हणून हेटाळणी केली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. कारण ज्यांच्या दारी हे अर्ज जात होते त्यांस आमच्या मतांची गरज नव्हती. परंतु आज परिस्थिती उलटली आहे. आता अर्जदार हाच मतदार आहे. मालकाने आपल्या मुखत्याराकडे हिशेब मागावा, त्यात भिक्षा कसली? जुन्या पारतंत्र्यातील संकोच स्वातंत्र्यातही बाळगावयाचा, याला स्वाभिमान म्हणता येत नाही.

अशा भेटींनी काही साध्य होते काय, हा मात्र रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एका घडलेल्या प्रकरणाच्या आधारे देणे बरे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची राख दूर मासेमारी करीत असलेल्या एका जपानी नौकेवर पडली. तीवरील तेवीसही खलाशी आजारी पडले आणि त्यांतील एक जण त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. टोकियोच्या सुगिनामी भागात मासळीविक्रेते व गृहिणी यांनी हालचाल सुरू केली. तेथील स्थानिक प्रतिनिधिसभेने एप्रिलमध्येच ठराव केला, आणि मे महिन्यात तेथून निघालेल्या सह्यांच्या मोहिमेत पुढल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. इकडे दिल्लीत पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत, निदान चाचण्यांपुरता तरी स्थगिती-करार करावा, अशी सूचना मांडली. स्वतंत्र भारताने जगापुढे ठेवलेल्या आरंभीच्या निःशस्त्रीकरणविषयक सूचनांपैकी ही एक होय.

तरीही चाचण्या चालूच राहिल्या. मध्यंतरी महासत्तांनी स्वेच्छेने पाळलेली विश्रांती सप्टेंबर १९६१ मध्ये रशियाने मोडली, आणि एप्रिल १९६२ मध्ये अमेरिकेनेही वातावरणातील स्फोट पुन्हा आरंभिले. स्फोटांतून उडालेले स्ट्राँशियम-९० हे द्रव्य पावसाबरोबर गवतावर येते, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. कारण शरीर त्यास कॅल्शियमच समजते. अमेरिकेतील सेंट लुई शहरी डॉक्टर, शास्त्रज्ञ व गृहिणी यांनी डिसेंबर १९५८ पासून लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करावयास प्रारंभ केला. पुढील बारा वर्षांत असे सुमारे तीन लाख दात जमा झाले. आकाशातील स्फोटाचा हिशेब घरातल्या मुलाच्या दातांत सापडू लागताच, परराष्ट्रनीती हा केवळ मुत्सद्द्यांचा विषय आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही.

१ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेच्या सुमारे साठ शहरांतील हजारो स्त्रिया घरकाम व नोकरी सोडून बाहेर पडल्या आणि महापौर, काँग्रेसचे सभासद, सरकारी अधिकारी यांच्या कचेऱ्यांवर गेल्या. ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ या नावाने ही चळवळ ओळखली जाते. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या डॅगमार विल्सन यांनी तिचा आरंभ केला. निवडून आलेल्या प्रतिनिधींशी संधान ठेवण्याचे काम बेला ॲबझग या वकील बाईंकडे होते. पुढे १९७० मध्ये त्या स्वतःच प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. या स्त्रियांच्या निष्ठेविषयी संशय घेतला गेला नाही असे नाही. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने त्यांस पाचारण केले. त्या कडेवर मुले घेऊन आल्या, साक्षीस उभ्या राहणाऱ्या भगिनींस त्यांनी पुष्पगुच्छ दिले, आणि चौकशीतून हसे झाले ते समितीचेच.

याच सुमारास एक भेट आमच्या देशाच्या वतीने झाली, तिचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. गांधी शांति प्रतिष्ठानने जून १९६२ मध्ये दिल्लीत अण्वस्त्रविरोधी परिषद भरविली होती. तिच्यानंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी हे रं. रा. दिवाकर यांना बरोबर घेऊन वॉशिंग्टनला गेले, आणि २८ सप्टेंबर १९६२ रोजी त्यांनी अध्यक्ष केनेडी यांची भेट घेऊन चाचण्या थांबविण्याची मागणी केली. राजाजींचे वय त्या वेळी त्र्याऐंशी वर्षांचे होते. मायदेशी ते स्वतंत्र पक्षाचे संस्थापक आणि नेहरूंच्या आर्थिक धोरणाचे कडवे विरोधक. परंतु या एका प्रश्नावर दोघांचे मत एक होते. त्या भेटीनंतर महिन्याच्या आत क्यूबाच्या प्रकरणाने जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले, आणि त्याच महिन्यात चीनने आमच्या उत्तर सीमेवर आक्रमण केले. राजाजींच्या भेटीचा उपयोग झाला की नाही, असे त्या ऑक्टोबरात कोणी विचारले असते तर कोणीही नकारार्थीच उत्तर दिले असते.

तरीही वर्ष पुरे होण्यापूर्वी, ५ ऑगस्ट १९६३ रोजी, मॉस्कोत अंशतः चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या. वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुस्फोट करण्यास त्याने बंदी घातली. भारताने त्याच महिन्यात त्यावर सही केली. मात्र अमेरिकेत असा करार सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांनी संमत व्हावा लागतो, आणि तेथे वाट निर्वेध नव्हती. हायड्रोजन बाँबच्या निर्मात्यांपैकी एडवर्ड टेलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ कराराविरुद्ध साक्षी देत होते. काँग्रेसकडे येणाऱ्या पत्रांचे प्रमाण प्रारंभी कराराच्या विरुद्ध पंधरास एक असे असल्याचे त्या काळच्या हकीकतींतून समजते. अध्यक्ष केनेडींनी ऑगस्टच्या आरंभी नॉर्मन कझिन्स या संपादकांस व त्यांच्या सहकाऱ्यांस बोलावून घेतले. मग धर्मगुरू, कामगार संघटना, शास्त्रज्ञ, व्यापारी आणि स्त्रिया यांनी राज्याराज्यांत आपापल्या सिनेटरांस पत्रे लिहिली, त्यांच्या भेटी घेतल्या. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटमधील नेते एव्हरेट डर्कसन यांनी सप्टेंबरात कराराच्या बाजूने कौल दिला. २४ सप्टेंबर रोजी ८० विरुद्ध १९ मतांनी करार संमत झाला. अनुकूल मतांत विरोधी पक्षाची २५ मते होती.

हा करार केवळ लोकांच्या भेटीगाठींनी झाला, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. क्यूबाच्या प्रसंगाने दोन्ही बाजूंस बसलेला धक्का, केनेडी व ख्रुश्चॉव्ह यांची वैयक्तिक निकड, दोघांस चीनविषयी वाटणारी चिंता, ही कारणे त्यामागे होतीच. शिवाय करारही अपुरा होता. भूमिगत चाचण्या त्याने मोकळ्या ठेवल्या, आणि १९६३ नंतर अमेरिकेने जितके स्फोट केले तितके त्यापूर्वी केले नव्हते. फ्रान्स व चीन यांनी सही केलीच नाही. आमचा स्वतःचा १९७४ चा पोखरण येथील स्फोटही त्या कराराने मोकळ्या ठेवलेल्या भूमिगत मार्गानेच झाला. परंतु मुलांच्या दुधात उतरणारे विष त्यानंतर कमी होत गेले, हेही तितकेच खरे आहे. राज्यकर्त्यांस शांततेकडे वळण्याची इच्छा झाली त्या क्षणी सिनेटरांस पाठीशी उभे राहणारे लोक आधीपासून तयार होते. ही तयारी आयत्या वेळी होत नसते.

याची उलट बाजूही इतिहासाने दाखविली आहे. सर्व प्रकारच्या चाचण्यांस बंदी घालणारा करार १९९६ मध्ये झाला. अमेरिकेने त्यावर सही केली. परंतु १३ ऑक्टोबर १९९९ रोजी सिनेटमध्ये त्याच्या बाजूने अवघी ४८ मते पडली आणि ५१ विरुद्ध गेली. तपासणीविषयीच्या शंका, दोन पक्षांतील तीव्र वैर, मतदान उरकण्याची घाई, ही कारणे खरी आहेत. तथापि त्या वेळी बहुसंख्य अमेरिकन नागरिक करारास अनुकूल असल्याचे लोकमताच्या पाहण्या सांगत होत्या, हेही खरे आहे. पाठिंबा होता, पण तो घरात बसून होता. शीतयुद्ध संपल्यामुळे लोकांस भीती उरली नव्हती, आणि भीती नसल्यामुळे कोणी कोणाच्या दारी गेले नव्हते. मुक्या बहुमताची गणना पाहण्यांत होते. सभागृहात होत नाही. त्या पराभवाची फळे जग आज भोगीत आहे, कारण तो करार अद्यापि अमलात आलेला नाही.

आता आमच्याकडे वळू. आमची घटना अमेरिकेहून भिन्न आहे. येथे परराष्ट्रांशी करार करणे हा सरकारचा अधिकार आहे, आणि त्यास सामान्यतः संसदेची पूर्वसंमती लागत नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सभासदाचे मत पक्षादेशाने बांधलेले आहे. मग खासदारास भेटून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. परंतु तो अर्धवट आहे. पक्षादेश मतदानावर चालतो, प्रश्नावर चालत नाही. लोकसभेच्या ५४३ सभासदांपैकी मंत्री नसलेल्या कोणासही परराष्ट्रमंत्र्यास तारांकित प्रश्न विचारता येतो, शुक्रवारी खाजगी ठराव मांडता येतो, संरक्षण व परराष्ट्र खात्यांच्या मागण्यांच्या वेळी बोलता येते. परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीपुढे अधिकाऱ्यांस उत्तरे द्यावी लागतात. आणि खुद्द पक्षाच्या बैठकीत, जेथे आदेश निघावयाचा असतो तेथे, ‘माझ्या मतदारसंघातील लोक मला हे विचारीत आहेत’ असे म्हणणारा सभासद आणि तसे न म्हणणारा सभासद यांत पुष्कळच अंतर असते.

आज हे वाक्य तो म्हणू शकत नाही, कारण ते त्यास कोणी विचारीतच नाही. आमच्याकडे एकेका खासदाराच्या वाट्यास सरासरी पंचवीस लाखांवर लोक येतात, आणि त्यांच्यापैकी जे त्यास भेटतात ते बहुधा शिफारसपत्रासाठी, बदलीसाठी, शाळाप्रवेशासाठी किंवा गाडी थांबविण्यासाठी. ही कामे क्षुद्र आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याच्याकडे केवळ याच कामांसाठी जावयाचे, तो हळूहळू याच कामांपुरता उरतो, आणि मग आमचे प्रतिनिधी मोठ्या प्रश्नांवर बोलत नाहीत म्हणून आम्हीच कुरकुरतो.

शांततेची मागणी घेऊन जाणाऱ्यास आज आणखी एका गोष्टीची धास्ती वाटते; आपली देशभक्ती संशयास्पद ठरेल, ही ती धास्ती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यांतील सहा महाराष्ट्रातील होती. डोंबिवली, पुणे, पनवेल येथील घरांवर कोसळलेले ते दुःख आम्हा सर्वांचे आहे, आणि अतिरेक्यांस शासन करण्याचा देशाचा हक्क आम्ही निःसंदिग्धपणे मानतो. ७ ते १० मे या चार दिवसांत दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रे एकमेकांवर क्षेपणास्त्रे व ड्रोन सोडीत होती. १० मे रोजी दुपारी दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवायांच्या महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि गोळीबार थांबविण्याचे ठरले. ती तार शाबूत होती म्हणून ते बोलणे होऊ शकले. ती शाबूत राहावी असे म्हणणाऱ्यास दुर्बल कसे म्हणावे?

या तारेसारख्याच आणखी काही गोष्टी आहेत. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांस देतात, त्या केंद्रांवर हल्ला होऊ नये म्हणून. ही प्रथा १९९२ च्या १ जानेवारीस सुरू झाली, आणि कारगिलचे युद्ध होऊनही १ जानेवारी २००० रोजी ती मोडली नाही. क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना परस्परांस देण्याचा करार २००५ मध्ये झाला आहे. शत्रूवर विश्वास ठेवा, असे यांपैकी कोणतीही व्यवस्था सांगत नाही. गैरसमजाने लाखो माणसे मरू नयेत, एवढेच तिचे प्रयोजन आहे.

म्हणून आमच्या वाचकांस आमची सूचना आहे की, त्यांनी पाच-दहा जणांचा गट करून आपल्या खासदाराची वेळ मागावी, आणि ‘जगात शांतता नांदो’ अशी मोघम सदिच्छा घेऊन न जाता नेमक्या मागण्या घेऊन जावे. पहिली मागणी ही की, १९९८ च्या चाचण्यांनंतर भारताने स्वेच्छेने स्वीकारलेली चाचणीस्थगिती सरकारने संसदेत पुन्हा उच्चारावी, आणि १९५४ मध्ये आपणच मांडलेल्या सूचनेस स्मरून इतर राष्ट्रांसही तसाच आग्रह करावा. दुसरी ही की, सैनिकी अधिकाऱ्यांमधील संपर्क, अणुकेंद्रांच्या याद्या आणि क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना या तीन गोष्टी कोणत्याही तणावात चालू राहतील, असे आश्वासन सरकारकडून सभागृहात घ्यावे. यांतील एकीनेही देशाच्या संरक्षणात तसूभरही उणेपणा येत नाही. सत्ताधारी पक्षाच्या सभासदास त्या मांडताना संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि विरोधी सभासदासही केवळ सरकारला कोंडीत पकडण्यासाठी त्या वापरता येणार नाहीत.

भेटीस जाताना मागणी एका पानात लिहून न्यावी, आकडे व तारखा तपासून घ्याव्यात, उत्तर लेखी मागावे, आणि ते न आल्यास पुढील अधिवेशनापूर्वी पुन्हा जावे. प्रतिनिधी आपल्या मताचा नसेल तर त्याच्याकडे अधिक अगत्याने जावे. डर्कसन यांचे मत वळले नसते तर ८० चा आकडा झाला नसता. आवाज चढविण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यास धडा एकदा सांगून भागत नाही हे शिक्षकास ठाऊक असते, आणि लोकप्रतिनिधींच्या बाबतीतही तोच नियम लागू आहे.

महाभारतात युद्धापूर्वी कृष्ण हस्तिनापुरास शिष्टाईस गेला, तेव्हा पांडवांची मागणी अखेर पाच गावांवर आली होती. मागणी इतकी लहान व स्पष्ट होती की, ती नाकारणाऱ्याचा दोष सर्वांस दिसला. ती शिष्टाई फसली. परंतु ती झालीच नसती तर युद्धाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आजवर भिजत पडला असता. दुर्योधनाच्या सभेत बसलेल्यांस कोणी निवडून दिलेले नव्हते, आणि भीष्मद्रोणांस जाब विचारणारा मतदार तेथे नव्हता. आमच्या सभेतील आसने आमच्या मतांनी भरलेली आहेत. तेथे शांततेविषयी मौन पाळले जात असेल, तर त्या मौनाचा जाब विचारण्याचा अधिकार आमचा आहे, आणि तो न वापरल्याचा दोषही आमच्याच माथी येईल. संसदेचे पुढील अधिवेशन भरण्यापूर्वी प्रत्येक खासदार आपल्या मतदारसंघात परतेल. त्या काळात त्याच्या कचेरीत शिफारसपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर हे एक पानही पोहोचले पाहिजे.